डुकराच्या किडनीआधी डुकराचे विषाणू

सोलापुरात डायलिसिसला येणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न निघतो: "अमेरिकेत डुकराची किडनी बसवत्यात म्हणं, आपल्याकडं कधी?" मानवी किडनीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्याने हे विचारावंच. पण उशीर झाला तो केवळ शरीर परका अवयव नाकारतं म्हणून नव्हे. डुकरासोबत काय येईल, ही धास्तीही होतीच.

आधी माकडांचे अवयव वापरून पाहिले. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात एका तान्ह्या मुलीला बबूनचं हृदय बसवलं. त्यानंतर ती जेमतेम तीन आठवडे जगली. माकडं माणसाची जवळची भावकी, त्यामुळे त्यांचे विषाणू आपल्यात सहज रुळण्याची भीती. एड्सच्या विषाणूचं मूळही वानरांतच. मग मोर्चा डुकराकडे वळला.

१९९७ च्या जानेवारीत गुवाहाटीत डॉ. धनीराम बरुआ यांनी रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं. रुग्ण आठवड्याभरात दगावला, डॉक्टर तुरुंगात गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये विषाणूतज्ज्ञ रॉबिन वाइस यांच्या गटाने दाखवलं की डुकराच्या जनुकांतच दडलेला एक विषाणू प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना लागू शकतो. गोठा कितीही स्वच्छ ठेवा, हा जाणार कसा? पाठोपाठ १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरांमार्फत निपाह पसरला, शंभरावर माणसं गेली. तो प्रत्यारोपणातून आलेला नव्हता, पण धसका बसायचा तो बसला.

जनुकातल्या विषाणूवर उपाय निघाला. २०१५ मध्ये डुकराच्या पेशींतल्या त्याच्या ६२ प्रती जनुकीय कात्रीने निकामी केल्या आणि २०१७ मध्ये तशी पिल्लं जन्मली. आजवर या विषाणूची लागण एकाही रुग्णात आढळलेली नाही.

गफलत झाली ती साध्याशा विषाणूपाशी. २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला जनुकबदल केलेल्या डुकराचं हृदय घेतलेला रुग्ण दोन महिन्यांनी गेला. त्या हृदयात डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस निघाला. मृत्यूला तो किती कारणीभूत, यावर वाद आहे. डुकराच्या नाकातला स्वॅब मात्र आधी तपासला होता, निगेटिव्ह! विषाणू शरीरात सुप्त बसला असेल तर नाकात सापडणार कुठून? म्हणून आता जुन्या लागणीची खूण सांगणारी रक्तातली प्रतिपिंडंही तपासावीत, असा आग्रह आहे. हा विषाणू आईकडून येतो, तेव्हा पिल्लं तिच्यापासून लवकर तोडून बंदिस्त, गाळलेल्या हवेच्या गोठ्यात वाढवतात. आपल्या नाल्याकाठची डुकरं इथे बाद!

अवयव घेणाऱ्यालाही मोकळीक नाही. अमेरिकेच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवायचं, त्याने रक्तदान करायचं नाही, आणि त्याचे व दात्या डुकराचे नमुने कित्येक दशकं जपून ठेवायचे.