'मांडणशिल्प' या शब्दामागची मुंबई

दंगल, अणुचाचणी, जात किंवा विस्थापन यावर आजचा कलाकार काही बोलतो तेव्हा त्याचं काम बहुतेकदा खोलीभर पसरलेलं असतं. जुन्या वस्तू, छायाचित्रं, पडद्यावर हलणाऱ्या प्रतिमा, कधी कलाकाराचं स्वतःचं शरीर. मराठीत याला 'मांडणशिल्प' म्हणतात आणि हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. मुंबईपुरतं तरी ते मला मान्य नाही. इथे हा प्रकार रुजला तो डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांतल्या दंगलींच्या धक्क्यातून.

त्याआधीही संकटाला सामोरी जाणारी चित्रं होतीच. १९४३ च्या दुष्काळात बंगालची गावं पायी फिरून भुकेली माणसं काळ्या शाईत टिपणारा चित्रकार पुढे मुंबईत, अंधेरीला येऊन राहिला. त्याच्या रेखाटनांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली होती. सत्तरच्या दशकात इथल्याच काही तरुण चित्रकारांनी डाव्या युवक चळवळीसाठी पोस्टरं केली. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादमध्ये पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी एक तरुण रंगकर्मी गेला आणि त्या धक्क्यातून देशभरातल्या कलाकारांचं एक व्यासपीठ उभं राहिलं. पण या साऱ्या काळात चित्र हे चित्रच राहिलं होतं. कागद, कॅनव्हास, फार तर भिंत.

मग बाबरी पडली आणि मुंबई पेटली. चौकशी आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेली. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७. आपल्या शहरात कुणी कुणाचा धर्म विचारत नाही, ही मुंबईकराची जुनी समजूत त्या जानेवारीत गल्लोगल्ली मोडली.

मुंबईतल्या एका मुस्लिम चित्रकर्तीने त्यानंतर कॅनव्हास बाजूला ठेवला. ती मातीची मडकी घेऊन बसली. मडकं अर्धं करायचं आणि ते अर्धं आरशावर ठेवायचं. पाहणाऱ्याला आरशात उरलेलं अर्धं दिसतं, मडकं क्षणभर पुरं वाटतं, जरा बाजूला सरकलं की पुन्हा तुटकं. बाजूला गेरू, फुटके तुकडे. मग १९९५ मध्ये नरिमन पॉइंटच्या एका नामांकित कलाकेंद्राच्या अंगणात ती स्वतःच उभी राहिली. पायात घुंगरू, हातात उभी चिरलेली पपई, तोंड पूर्ण उघडं, आणि आवाज नाही. तशीच ती चालत राहिली. चार वर्षांत, १९९९ मध्ये, ती कर्करोगाने गेली. तिच्या कामाला जितकं मोठं स्थान मराठी कलासमीक्षेत मिळायला हवं होतं तितकं मिळालेलं नाही, हे मला आजही खटकतं.

त्याच १९९३ मध्ये दिल्लीच्या एका कलाकाराने मुंबईच्या दंगलीतलं वर्तमानपत्रात छापून आलेलं एक छायाचित्र उचललं. रस्त्यावर एकटाच मरून पडलेला अनोळखी माणूस. त्या छायाचित्राच्या प्रतींवर त्याने खिळे ठोकले, इतके की कुठे कुठे देहाची आकृती खिळ्यांचीच झाली. आणि त्या बेवारस माणसाच्या स्मारकाला वेस बांधली ती पत्र्याच्या ट्रंकांची. गावाहून शहरात येणारा माणूस जी डोक्यावर घेऊन उतरतो, तीच ट्रंक.

आता शब्दाकडे येतो, कारण अर्धा वाद शब्दातूनच निघाला आहे. 'मांडणशिल्प' म्हटलं की प्रेक्षक शिल्प शोधतो. छिन्नी कुठे आहे, हाताचं कसब कुठे आहे, विकत आणलेल्या ट्रंका एकावर एक रचल्या तर त्यात कला कोणती? शब्दाच्या उत्तरार्धाने अपेक्षा लावून ठेवली आणि काम ती पुरी करत नाही, म्हणून ते फसवं ठरलं. माझ्या मते या शब्दाचा खरा जीव पूर्वार्धात आहे. आपण पूजा मांडतो, चूल मांडतो, डाव मांडतो, भातुकली मांडतो. आपण बाजूही मांडतो, गाऱ्हाणं मांडतो, कैफियत मांडतो. वस्तू लावून ठेवणं आणि आपलं म्हणणं चारचौघांपुढे ठेवणं, या दोन्हींना मराठीत क्रियापद एकच. 'इन्स्टॉलेशन' या इंग्रजी शब्दात यंत्र बसवल्याचा वास आहे, कैफियत तिथे नाही. शिवाय मांडलेली भातुकली संध्याकाळी उचलावीच लागते. १९९२ मध्ये मुंबईच्या एका गॅलरीत थेट भिंतींवर काढलेली चित्रं प्रदर्शन संपताच रंग फासून पुसून टाकली गेली, आणि ते पुसणं ठरवूनच केलेलं होतं. विकायला काही उरलंच नाही. ९१ नंतर कलाबाजार फुगायला लागला असताना हे घडलं, हे फॅड म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पुढचा प्रवास वेगात झाला. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९९९ मध्ये, मुंबईच्या जुन्या वस्तुसंग्रहालयात पुन्हा ट्रंका आल्या. या वेळी त्यांच्या आत, गोधड्यांमध्ये टीव्हीचे पडदे होते, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका मधल्या पोकळीतून एकच साडी घडी करायला धडपडत होत्या. २००२ च्या गुजरातनंतर, नर्मदेच्या विस्थापनानंतर तरुण गटांनी रस्ता, रेल्वे स्टेशन अशा जागा निवडल्या. कारण उघड होतं. पोस्टर खिशातून नेता येतं, मांडायला मात्र जागा लागते आणि जागा कुणाची तरी असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हाच प्रश्न मुंबईच्या सरकारी कलादालनात आला. एका दिवंगत मराठी चित्रकाराच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या उद्घाटनात एक ज्येष्ठ अभिनेते, जे मुळात चित्रकार, स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले. त्यांना मध्येच टोकलं गेलं, फक्त त्या चित्रकाराबद्दल बोला म्हणून. आयोजकांच्या मते तो प्रसंग त्यासाठी नव्हता. मला वाटतं, भिंती कुणाला मिळणार हे कोण ठरवणार, हे विचारायला त्या भिंतींइतकी योग्य जागा दुसरी नव्हती.

आणि मडकी परत आली. २०२२ च्या बर्लिन बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, एका मराठी कलाकाराने मडक्यांवर मडकी रचून जातिव्यवस्था मांडली. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरात ती रचना असायचीच. तळातल्या मडक्यातलं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागत. कामाचं नाव त्याने बर्लिनमध्येही बदललं नाही, 'उतरंड' असंच ठेवलं.