बंद कचराभूमीवरील वृक्ष-आच्छादन

भरून बंद केलेल्या कचराभूमीवर मातीचा जाड थर पसरून त्यावर दाट झाडी लावायची आणि मुरलेले पावसाचे पाणी कचऱ्यापर्यंत पोचण्याआधीच मुळांकरवी उपसायचे, अशी ही पद्धत. ऑस्ट्रेलियात तिला ‘फायटोकॅप’ म्हणतात. कचऱ्यात उतरलेले पाणी काळपट, उग्र वासाचे लिचेट होऊन झिरपते आणि आसपासच्या विहिरी नासवते. ते मुळातच कमी तयार व्हावे, हा हेतू.

रूढ पद्धतीत कचऱ्यावर चिकणमातीचा थर ठासून बसवतात, ताडपत्री घातल्यासारखा. पण आतला कचरा कुजत खचत राहतो आणि आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडाव्यात तशा भेगा वरच्या थराला पडतात. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत जॉर्जियातील ऑल्बनी येथे हेच दिसले: पावसाने ओढ दिल्यावर माती तडकली आणि नंतरचा पाऊस भेगांतून सरळ खाली गेला. मात्र तेथील पॉप्लर झाडांच्या आच्छादनातूनही पाणी बरेच झिरपले, हेही नोंदवायला हवे.

वृक्ष-आच्छादनात माती ठासायची नसते. ती भुसभुशीतच हवी. चांगल्या पोयट्याच्या १ मीटर थरात मुळांना घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिमी पाणी मावते. सगळा हिशेब या आकड्यावर चालतो. ऑस्ट्रेलियातील रॉकहॅम्प्टन येथे ७०० आणि १,४०० मिमी जाडीचे थर देऊन निरनिराळ्या जातींची झाडे तपासली गेली. त्याआधी, १९९० मध्ये, ओरेगनमधील बीव्हर्टनच्या कचराभूमीवर संकरित पॉप्लर लावले होते. ओरेगनची अडचण अशी, की पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तेव्हा पॉप्लर निष्पर्ण असतो. वसंतात पालवी फुटेपर्यंत पाणी मातीनेच धरून ठेवावे लागते.

रोपे मरतात ती बहुधा वायूमुळे. खालून येणारा मिथेन मातीतला ऑक्सिजन हुसकावतो; अशा जागी शेंडा पिवळा पडतो आणि खणले तर माती काळी, कुजक्या अंड्याच्या वासाची निघते.

भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी ६० सेंमी चिकणमाती, १५ सेंमी निचरा थर आणि ४५ सेंमी वनस्पती थर सांगितला. शिवाय कचराभूमी स्थिर होईपर्यंत मुळे ३० सेंमीपेक्षा खोल जाणार नाहीत अशीच झाडे लावण्याची अट घातली. म्हणजे खोल मुळांच्या वृक्षांना तोवर मज्जावच. मुंबईत तर एकट्या जुलैत ८०० मिमीहून अधिक पाऊस पडतो. तेथे कितीही झाडे लावली तरी माती पहिल्या काही आठवड्यांतच तुडुंब होईल, आणि उतार व गटारांवाचून सुटका नाही. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात हा हिशेब बसण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे पाऊस आणि पालवी एकाच वेळी असतात ही जमेची बाजू. पण पाने ओली आणि हवा दमट असताना बाष्पोत्सर्जन मंदावते, त्यामुळे खरा उपसा आश्विनातल्या उन्हातच सुरू होतो.