वाट बदललेली धमनी

कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोलापूरकरांच्या रोजच्या जेवणातली. पण भाकरीचा कोरडा घास दर वेळी छातीच्या वरच्या भागात अडतो, वरून ताक घेतलं तर ते सरळ उतरतं, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर आधी अन्ननलिकाच तपासायची. कारण बहुधा तिथंच सापडतं. क्वचित मात्र अन्ननलिका निर्दोष निघते आणि तिच्या मागून एक धमनी गेलेली दिसते.

महाधमनीच्या कमानीला साधारणपणे तीन फाटे. पहिला पुढे दुभंगून उजवा हात आणि मानेची उजवी बाजू सांभाळतो, दुसरा मानेची डावी बाजू, तिसरा डावा हात. शंभरात जेमतेम एखाद्याची उजव्या हाताची धमनी सगळ्यात शेवटी, डाव्या टोकाला फुटते. हात उजवीकडे, उगम डावीकडे! मग ती बहुधा मणका आणि अन्ननलिकेच्या फटीतून आडवी जाते. गर्भातल्या धमन्यांच्या कमानींपैकी उजवीकडची चौथी टिकायची ती विरली, की असं होतं.

या त्रासाचं वर्णन इंग्लंडच्या डेव्हिड बेफर्डनं 1794 साली छापलं आणि त्याला ‘निसर्गाची थट्टा’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. उतारवयात धमनी ताठर, रुंद झाली की घास अडू लागतो. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेच्या मागच्या भिंतीवर तिरकी खाच दिसते. खात्री सीटी अँजिओग्राफीनं होते.

खरी मेख थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आहे. स्वरयंत्राची उजवी नस एरवी याच धमनीला खालून वळसा घालून वर येते. वळसा घालायला धमनीच जागेवर नसेल, तर नस मानेतूनच थेट आडवी स्वरयंत्राकडे वळते. सर्जन नेहमीच्या जागी, श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधल्या खाचेत, ती शोधत राहतो. तो आडवा धागा रक्तवाहिनी समजून बांधला, की आवाज बसलाच. म्हणून जुन्या सीटीच्या रिपोर्टात ‘अ‍ॅबरंट राइट सबक्लेव्हियन’ (म्हणजे हीच वाट बदललेली उजव्या हाताची धमनी) हे शब्द असतील तर तो सर्जनला दाखवायचाच, भले सीटी छातीचा का असेना.

श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडतानाही असाच धोका असतो. काहींची उजवीकडची मोठी धमनी, म्हणजे कमानीचा पहिला फाटा, श्वासनलिकेच्या पुढून बरीच वर चढलेली असते. त्यासाठी छेदाआधी छातीच्या हाडावरच्या खळगीत बोट ठेवून पाहतात. ठोका लागला आणि हाताशी वेळ असला, तर आधी सोनोग्राफी, मग सुरी.