शट डाउन करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं: दिसायला सारखं, पण एक नाही

मागच्या उन्हाळ्यात नागपुरातल्याच सक्करदऱ्याहून मित्राचा फोन आला, विंडोजवाल्या लॅपटॉपचा आवाजच गेला म्हणे, व्हिडिओ चालतो पण स्पीकर मुका, हेडफोन लावला तरी तेच. उन्हानं गेला असेल असं त्याला वाटत होतं, सीताबर्डीला दुकानात दाखवायची तयारी झाली होती. मी म्हटलं थांब, आधी रीस्टार्ट कर. तर तो चिडला, "अबे रोज रात्री बंदच करतो ना मी, सकाळी चालू करतो, अजून काय वेगळं करू?"

आणि तो खरंच बोलत होता. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडलं, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं, तिथं खाली अप टाइम लिहिलेला असतो, म्हणजे मशीन किती वेळापासून सलग चालू आहे ते. 23 दिवस! रोज रात्री बंद होणारा लॅपटॉप 23 दिवसांपासून चालू कसा काय? मग स्टार्ट मेनूतून रीस्टार्ट दाबलं आणि दोन-तीन मिनिटांत आवाज परत आला, बस एवढंच.

झालं काय, की 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालूच असते. तेव्हा हार्ड डिस्कवाले कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घ्यायचे, म्हणून शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे साउंड, वायफाय, ब्लूटूथ वगैरे चालवणारा भाग, जसाच्या तसा डिस्कवर एका फाइलमध्ये जपून ठेवला जातो, आणि सकाळी बटण दाबलं की तोच उचलून परत मेमरीत आणतात. साउंडचा ड्रायव्हर रात्री अडकलेला असेल तर सकाळी तोच अडकलेला ड्रायव्हर परत येतो. रीस्टार्टमध्ये हे जपून ठेवणं नाही, सगळं पहिल्यापासून नव्यानं लोड होतं.

आपल्याकडच्या कूलरसारखं समजा ना. शट डाउन म्हणजे कूलरचं बटण बंद केलं पण टाकीतलं वास मारणारं पाणी तसंच ठेवलं, सकाळी चालू केला की तोच वास. रीस्टार्ट म्हणजे टाकी रिकामी करून ताजं पाणी भरलं.

म्हणून कोणी "बंद करून चालू केला यार, काही फरक नाही" म्हणालं तर त्याच्यावर खेकसू नका, त्यानं सांगितलेलं केलंच असतं, नावंच अशी आहेत की कोणालाही शट डाउन जास्त पक्कं वाटणार, मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. फोनवर नीट विचारा की मेनूतलं रीस्टार्ट दाबलं का. आणि झाकण लावणं तर यातलं काहीच नाही, ती बहुतेक वेळा नुसती झोप असते.

खरंखुरं शट डाउनच पाहिजे असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग शट डाउनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं सगळं पूर्ण बंद होतं. कायमचं पाहिजे तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, असेल तर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात फारसा फरक जाणवत नाही, मी तर काढूनच टाकतो. त्याच लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही टाकली असेल तर नक्की काढा, नाहीतर विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून नुसती वाचता येते, तिच्यात काही सेव्ह होत नाही, आणि पोरं परमिशनचा घोळ समजून रात्रभर डोकं लावत बसतात.

मोबाइलला ही भानगड नाही, पूर्ण बंद करून चालू केला काय आणि रीस्टार्ट केला काय, एकच.

रीस्टार्टनंतर आवाज आला आणि दोन दिवसांत परत गेला, तर मात्र बहुतेक ड्रायव्हरच बिघडलाय, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो नव्यानं टाका. त्यानंही नाही झालं तर मग खुशाल सीताबर्डी गाठा.