जीएलपी-१ इंजेक्शने (मधुमेह व लठ्ठपणावरील उपचार)

टाइप २ मधुमेह आणि लठ्ठपणा यांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची, त्वचेखाली टोचायची औषधे. जेवल्यानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम ती करतात. सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड ही या गटातली नेहमीच्या वापरातली नावे. टिर्झेपेटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या आतड्याच्याच दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते, पण व्यवहारात ते याच गटात धरतात. लिराग्लुटाइड रोज टोचावे लागते, बाकीची तीन आठवड्यातून एकदा.

ही इन्सुलिन नव्हेत. दवाखान्यात ‘इंजेक्शन’ म्हटले की पेशंट आणि घरचे दोघेही ‘आता सुईवर आलो’ म्हणून हबकतात, म्हणून हा फरक सुरुवातीलाच नीट समजावून सांगावा लागतो. टोचलेले इन्सुलिन जेवण चुकले तरी शुगर खाली ओढत राहते. जीएलपी-१ मात्र रक्तातली साखर चढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. साखर उतरली की तो इशाराही थांबतो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच जवळपास उरलेल्या नसतात, त्यामुळे तिथे इन्सुलिनची जागा ही औषधे घेऊ शकत नाहीत. इन्सुलिन बंद करून ही सुरू केली तर जिवावर बेतते.

काम कसे होते

स्वादुपिंडावरचा परिणाम वर आलाच. दुसरा परिणाम जठरावर होतो: अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो, जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. हा परिणाम पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो, पुढे ओसरतो. तिसरा मेंदूवर. भूक कमी होतेच, शिवाय डबा उघडून शेवेची मूठ तोंडात टाकायला लावणारी, दिवसभर डोक्यात चाललेली खाण्याची भुणभुण शांत होते. वजन उतरते ते मुख्यतः या तिसऱ्या कारणाने.

शरीरातले मूळ जीएलपी-१ रक्तात दोनएक मिनिटेच टिकते, कारण डीपीपी-४ नावाचे विकर (एन्झाइम) ते तोडून टाकते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या भारतात सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या हेच विकर अडवतात. इंजेक्शन सुरू झाल्यावर या गोळ्यांचा वेगळा उपयोग राहत नाही, तरी त्या जुन्या चिठ्ठीवर तशाच चालू राहिलेल्या पुष्कळदा दिसतात.

टिकाऊ औषधाचा माग एका सरड्यापर्यंत जातो. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात संशोधक जॉन एंग यांना एक्सेंडिन-४ हे संप्रेरकासारखे द्रव्य सापडले. ते जीएलपी-१ सारखे काम करते आणि डीपीपी-४ ला दाद देत नाही. त्यावरून बनलेले एक्सेनाटाइड अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झाले, ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे मानवी जीएलपी-१ च्या रेणूला स्निग्धाम्लाची साखळी जोडून तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहील अशी रचना करण्यात आली. त्यातून लिराग्लुटाइड आले आणि २०१७ मध्ये मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. लठ्ठपणासाठी त्याला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. टिर्झेपेटाइडला मधुमेहासाठी २०२२ मध्ये आणि लठ्ठपणासाठी २०२३ मध्ये.

भारतात टिर्झेपेटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये आले. मौंजारोची सुरुवातीची किंमत २.५ मिग्रॅच्या कुपीला ३,५०० रुपये आणि ५ मिग्रॅच्या कुपीला ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५००. खर्च परवडेनासा झाला म्हणून मध्येच उपचार सुटणे हे आपल्याकडचे मोठे दुखणे. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे होते, त्यामुळे त्यानंतर स्वस्त पर्यायांना वाट मोकळी झाली.

कोणाला द्यावे

वजनासाठीचा नियम असा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० किंवा अधिक, अथवा २७ किंवा अधिक आणि जोडीला मधुमेह, रक्तदाब, स्लीप अॅप्नियासारखा (झोपेत श्वास अडखळण्याचा) आजार. भारतीय शरीराला हे माप पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘थिन-फॅट’, म्हणजे दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त, अशा भारतीयाची कल्पना मांडली. त्यांच्या आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्या शरीराची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी ही धोक्याची रेषा धरतात. काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा.

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असल्यास ही औषधे देत नाहीत. स्वादुपिंडाचा दाह पूर्वी झाला असेल किंवा जठर आधीच मंद असेल तर सहसा टाळतात. गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) असलेल्या मुलींना हे आवर्जून सांगायला हवे, कारण वजन उतरताच पाळी नियमित होते आणि नकळत दिवस जातात. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधसारखे दुसरे साधन वापरावे. मधुमेह जुना असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा: साखर फार झपाट्याने उतरली तर आधीचा रेटिनोपॅथीचा (मधुमेहाने पडद्याला झालेल्या इजेचा) त्रास वाढू शकतो.

डोसच्या पायऱ्या

सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिग्रॅने सुरू करून चार आठवड्यांनी ०.५ आणि मग १ मिग्रॅ. मधुमेहासाठी कमाल २ मिग्रॅ, वजनासाठी १.७ वरून २.४. टिर्झेपेटाइड २.५ मिग्रॅ चार आठवडे, मग ५. त्यापुढे गरज असेल तर किमान चार आठवड्यांनी २.५ ची एक पायरी, कमाल १५. पहिली पायरी औषधाचा गुण दिसण्यासाठी नसते, पोटाला सवय व्हावी म्हणून असते. ‘महिना झाला, काहीच फरक नाही’ म्हणून पेशंट दोन पायऱ्या एकदम चढतो आणि तिसऱ्या दिवशी उलट्यांनी सलाईनवर येतो. बहुतेक बिघाड इथेच होतात. उलट, खालच्याच पायरीवर वजन आणि साखर नीट उतरत असतील तर वर चढायची गरज नसते.

डोस चुकला आणि सेमाग्लुटाइडचे पाच दिवस किंवा टिर्झेपेटाइडचे चार दिवस उलटले नसतील तर आठवल्याबरोबर घ्यावा. उलटले असतील तर तो सोडून पुढचा ठरल्या वारी घ्यावा. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीच घेऊ नयेत.

टोचण्याची पद्धत

बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, मांडीचा पुढचा भाग, किंवा दुसरे कोणी टोचणार असेल तर दंडाची मागची बाजू. दर आठवड्याला जागा बदलावी. पेनला (औषध भरलेले, पेनासारखे टोचायचे साधन) ४ मिमीची सुई पुरते. ती सरळ काटकोनात घालावी. बटण तळापर्यंत दाबून पेनच्या माहितीपत्रकात सांगितलेले सेकंद, सेमाग्लुटाइडच्या पेनला सहा, सावकाश मोजावेत आणि मगच सुई काढावी. घाईने काढली तर त्वचेवर थेंब येतो, म्हणजे तेवढे औषध बाहेरच राहिले. सुई दर वेळी नवी. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

कुपीतून औषध घेताना खास जपावे लागते. टिर्झेपेटाइडच्या एकेरी कुपीत डोस कोणताही असो, औषध ०.५ मिलि असते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्सुलिनची सिरिंज मागितली तर बहुधा लाल टोपीची, ४० युनिटची मिळते. केशरी टोपीची असते ती १०० युनिटची. ०.५ मिलि म्हणजे लाल टोपीवर २० ची रेघ आणि केशरीवर ५० ची. ‘वीसपर्यंत भर’ एवढेच लक्षात ठेवून कोणी केशरी टोपीची सिरिंज वापरली तर फक्त ०.२ मिलि जाते, म्हणजे पाचातले दोनच हिस्से. म्हणून युनिटचा आकडा पाठ करू नये. आधी टोपीचा रंग बघावा. ही कुपी एकाच वेळेसाठी असते, दोन आठवडे पुरवायला ठेवली तर जंतुसंसर्गाची भीती.

न उघडलेले पेन किंवा कुपी २ ते ८ अंशांत, पण फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटू न देता ठेवावी. एकदा गोठलेले औषध वितळल्यावर नेहमीसारखेच दिसले तरी फेकून द्यावे. ‘बाहेर चालते’ याचा अर्थ ३० अंशांखाली, ठरावीक दिवसच. मौंजारोची कुपी २१ दिवस. नागपूर-चंद्रपूरला एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमानच ३० च्या वर असते, तिथे ही सवलत लागू होत नाही. विमानात औषध हातातल्या बॅगेत ठेवावे, सामानात देऊ नये.

मधुमेहाच्या इतर गोळ्या

एकट्या जीएलपी-१ ने शुगर सहसा लो होत नाही. जोडीला ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर होते. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतात, आणि पेशंट तिला ‘साधी शुगरची गोळी’ म्हणतो. इंजेक्शनने जेवण निम्म्यावर येते, गोळी मात्र पूर्वीचीच राहते. मग दुपारी अकरा-बाराला दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड. सुरुवातीलाच डॉक्टरांनी या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस बहुधा कमी करायचा असतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. निर्जळी उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडसारख्या या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुष्परिणाम

मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब, आंबट किंवा कुजक्या अंड्यासारखे ढेकर. डोस वाढवल्यावर पहिले काही दिवस हे जास्त जाणवते. ताटात नेहमीच्या निम्मेच वाढून घ्यावे, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात धुवावेत. तर्रीचा रस्सा, भजी, वडे आणि रात्री दहाचे जेवण ही मळमळीची हमखास कारणे. उलट्या थांबत नसतील तर डोस पुढे ढकलावा आणि डॉक्टरांना कळवावे. पाणी कमी पडून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी सतत, तीव्र कळ म्हणजे स्वादुपिंडाचा दाह असू शकतो: औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात आणि काही महिने केस गळतात. केस बहुधा परत येतात. ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगायलाच हवे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते.

उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. आपल्या शाकाहारी ताटात प्रथिने मुळातच कमी. त्यात भूक मेली की माणूस अर्धी भाकरी आणि दोन घास वरण-भात खाऊन उठतो. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. जेवताना हे आधी खावे, भात शेवटी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे असा ताकदीचा व्यायाम हवा. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत.

किती गुण येतो

मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींमध्ये सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात २.४ टक्के. टिर्झेपेटाइड १५ मिग्रॅने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. मधुमेह असेल तर घट कमी होते. सेमाग्लुटाइडच्या तशाच चाचणीत ती ९.६ टक्के होती. हे आधी माहीत नसले की शेजारच्या बाईंचे पंधरा किलो उतरले आणि आपले सातच, म्हणून लोक औषध सोडतात. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या जाड व्यक्तींमध्ये सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे येणारा मृत्यू मिळून धोका २० टक्क्यांनी घटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या गटातली औषधे मधुमेहासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

बनावट मालाचा धोका खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या नकली सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. बिलाशिवाय, समाजमाध्यमावरून किंवा ब्यूटी पार्लरमधून मिळणारे इंजेक्शन घेऊ नये. खोक्यावरचा आणि पेनवरचा बॅच नंबर एकच आहे का ते पाहावे. द्राव गढूळ असेल तर टोचू नये.

बंद केल्यावर

रक्तदाबाच्या गोळीसारखेच हे औषध चालू असेपर्यंत काम करते. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले. त्यामुळे ‘लग्नाआधी तीन महिने’ अशा बेताने सुरू करण्यात अर्थ नाही. पहिले तीन महिने तर पायऱ्या चढण्यातच जातात. थांबवायचेच असेल तर पुढचे महिने साखर आणि कमरेचा घेर मोजत राहावे. खर्च, आजारपण किंवा तुटवडा यांमुळे सलग दोन-तीन डोस सुटले असतील तर जुन्या मोठ्या डोसवर परस्पर परत जाऊ नये. डॉक्टरांना विचारून बहुधा खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.