पार्श्वभूमी : नवा कण जाहीर करायला ५ सिग्मा का लागतात?

पुंजवादाची सुरुवात १९०० सालची आणि त्याचं गणित १९२५ ते १९२७ मधलं, हे ठाऊक असतंच. नवा कण मानायला नोंदी किती हव्यात, याचा मात्र तेव्हा नियम नव्हता. १९३२ साली ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा ओलांडल्यावर चुंबकीय क्षेत्रात एका कणाचा मार्ग जास्त वळलेला दिसला, म्हणजे पत्र्यात त्याची ऊर्जा कमी झाली होती. त्यावरून तो कुठून कुठे गेला ते कळलं, वळणाच्या बाजूवरून भार धन ठरला आणि पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) मिळाला. १९६४ साली ओमेगा-वजा कण तर एकाच फोटोवर स्वीकारला गेला, कारण आधीच वर्तवलेल्या वस्तुमानाशी तो जुळत होता.

साठच्या दशकात बबल चेंबरच्या (द्रवातल्या बुडबुड्यांनी कणाचा मार्ग दाखवणाऱ्या उपकरणाच्या) फोटोंची मोजणी यंत्रांकडे गेली आणि कण फोटोऐवजी स्तंभालेखातला (कोणत्या वस्तुमानाच्या किती नोंदी आल्या ते रकान्यांत दाखवणाऱ्या आलेखातला) उंचवटा म्हणून दिसू लागला. वर्षाला १,००० आलेख आणि प्रत्येकात ४० रकाने धरले, तर ४०,००० रकाने झाले. एखाद्या रकान्याने निव्वळ योगायोगाने ४ सिग्मा, म्हणजे नेहमीच्या योगायोगी चढउताराच्या चौपट, गाठण्याची शक्यता साधारण ३१,५०० त १ आहे. म्हणजे नवीन काहीही नसताना दर वर्षी एखादा 'कण' निघणारच. १९६८ साली याच धर्तीचा हिशेब मांडून, ५ सिग्माच्या जवळ पोचेपर्यंत थांबा, असं सुचवलं गेलं. तो सल्ला सगळ्यांनी लगेच मानला नाही. १९७६ साली ६ जीईव्हीला (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच सांगतात) जाहीर झालेला कण विरून गेला. खरा अप्सिलॉन पुढच्या वर्षी ९.५ जीईव्हीला सापडला.

सर्वांत जास्त घोळ 'सिग्मा' या शब्दाचाच आहे. एका रकान्यात १०,००० नोंदी अपेक्षित असतील, तर योगायोगाचा चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० असतो; हाच १ सिग्मा. १०,५०० नोंदी आल्या की ५ सिग्मा झाले. पण ते १०,००० हा स्वतःच अंदाज आहे. त्यात १ टक्का अनिश्चितता असेल तर आणखी १०० ची भर पडते. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की १४१ येतात, आणि तेच जादा ५०० आता जेमतेम ३.५ सिग्मा ठरतात. म्हणून बॅकग्राउंड, म्हणजे नवा कण नसतानाही अपेक्षित असलेल्या नोंदींचा आकडा, कसा काढला, हे आधी विचारायला हवं.

५ सिग्मा म्हणजे '३५ लाखांत १'. हा आकडा 'कण नसण्याची शक्यता ३५ लाखांत १' असा वाचला जातो, आणि ते साफ चूक आहे. कण नाहीच असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा उंचवटा दिसण्याची ती शक्यता आहे. मराठीत गुंता आणखी वाढतो. ३ सिग्माला 'पुरावा' आणि ५ ला 'शोध' म्हणायचा प्रघात आहे. पण 'शोध चालू आहे' आणि 'शोध लागला' यांत आपण एकच शब्द वापरतो, त्यामुळे मथळ्यात दोन्ही अवस्था एक होऊन जातात.

ही रेघ काटेकोर कधीच नव्हती. १९९५ साली टॉप क्वार्क हा कण दोन गटांनी ४.८ आणि ४.६ सिग्मावर जाहीर केला, आणि तो टिकला. उलट २०११ साली न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचा निकाल ६ सिग्माचा होता. तरी तो चुकीचा निघाला, कारण ऑप्टिकल फायबरचा एक जोड पूर्ण बसलेला नव्हता. अशी चूक प्रत्येक नोंदीत त्याच दिशेने शिरते, त्यामुळे नोंदी कितीही वाढवल्या तरी ती सरासरीत पुसली जात नाही.

२०१२ च्या ४ जुलैला सुमारे १२५ जीईव्हीचा हिग्ज बोसॉन जाहीर झाला तेव्हा दोन स्वतंत्र प्रयोग एकाच वस्तुमानाशी ५ सिग्माच्या आसपास होते. त्या दिवसाचं खरं बळ या जुळणीत होतं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ७५० जीईव्हीला दिसलेल्या उंचवट्यावर शेकडो सैद्धांतिक लेख लिहिले गेले. पण बाकीचे रकाने हिशेबात धरले की तो २ सिग्माच्या जवळपासच होता, आणि २०१६ च्या ऑगस्टपर्यंत वाढीव नोंदींत तो नाहीसा झाला.

म्यूऑन या इलेक्ट्रॉनच्या जड भाऊबंदाच्या चुंबकत्वाबाबत प्रयोग आणि सिद्धांत यांच्यातली तफावत २०२१ साली ४.२ सिग्मा होती. २०२५ साली ती जवळपास मिटली. प्रयोगाचा आकडा होता तिथेच राहिला. अवकाश-काळाची जाळी मांडून केलेल्या संगणकी आकडेमोडीमुळे सैद्धांतिक आकडा त्याच्याकडे सरकला.