वास्तववादी युद्धपट : प्रेक्षकमनावरील दीर्घकालीन परिणाम

युद्ध लढणाऱ्याला किंवा त्यात सापडलेल्या सामान्य माणसाला जसे दिसते आणि ऐकू येते, तसे ते पडद्यावर आणू पाहणाऱ्या चित्रपटाला वास्तववादी युद्धपट म्हणतात. असा चित्रपट संपल्यावरही प्रेक्षकाच्या मनात काही ना काही मागे राहते. एखादा चेहरा, एखादा आवाज, झोप मोडणारे दृश्य किंवा युद्धाबद्दल हळूहळू बदलत गेलेले मत, असे त्याचे स्वरूप असते. या मागे राहण्याचा विचार येथे केला आहे. ‘युद्धस्य कथा रम्या’ हे वचन आपल्याकडे सहज तोंडात येते. युद्धाची कथा गोड लागते, कारण ती दुरून ऐकलेली असते. हे अंतर मोडण्यासाठीच वास्तववादी युद्धपटाची सारी धडपड असते.

सोमची लढाई, १९१६

या परिणामाचा पहिला मोठा दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश सैन्याने चढाई केली. त्या एका दिवसात सुमारे ५७ हजार ब्रिटिश सैनिक जायबंदी, बेपत्ता वा ठार झाले. त्यांपैकी १९ हजारांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. जेफ्री मॅलिन्स व जॉन मॅकडॉवेल या दोन छायाचित्रकारांनी या लढाईचे चित्रण केले आणि ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा मूकपट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लढाई अजून चालू असतानाच, प्रदर्शित झाला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे २ कोटी तिकिटे खपली असे मानले जाते. ब्रिटनची तेव्हाची लोकसंख्या साडेचार कोटींच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. प्रेक्षागृहात बसलेल्या कित्येकांचे मुलगे, भाऊ आणि नवरे त्या क्षणी त्याच खंदकांत होते. आपला माणूस दिसतो का, हे पाहायला लोक जात होते. असे प्रदर्शन म्हणजे शोकाच्या पावित्र्याचा भंग आहे, अशा आशयाचे पत्र डरॅम येथील कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू (डीन) हेन्स्ली हेन्सन यांनी ‘द टाइम्स’ला लिहिले. चित्रपटाची गर्दी मात्र त्याने हटली नाही.

यातील एक बाब फार बोलकी आहे. खंदकातून वर चढताना एक सैनिक गोळी लागून मागे घसरतो, असे दृश्य या चित्रपटात आहे. कादंबरीकार रायडर हॅगार्ड यांनी आपल्या रोजनिशीत याच दृश्याचा सर्वांत प्रभावी म्हणून उल्लेख केला आणि धावत्या देहाचे क्षणात निश्चल होणे किती भयंकर वाटले ते नोंदवले. पण ते दृश्य रणांगणावरचे नव्हतेच. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी ते मुद्दाम घडवून चित्रित केले होते. म्हणजे मनावर सर्वांत खोल उमटलेला मृत्यू बनावट होता, तर याच चित्रपटातले खरे मृतदेह त्याच्या मानाने फिके पडले. दृश्य मनात रुतण्यासाठी ते खरे असावेच लागते असे नाही, हे या पहिल्याच उदाहरणाने दाखवून दिले.

वास्तवाचा आभास

पुढच्या दिग्दर्शकांनी हा धडा पक्का गिरवला. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियन बंडावरच्या ‘द बॅटल ऑफ अल्जीअर्स’ (१९६६) या चित्रपटात जिल्लो पाँतेकोर्व्हो यांनी कृष्णधवल, खरबरीत प्रतिमा आणि हातात धरलेला कॅमेरा वापरून वार्तापटाचा इतका हुबेहूब भास निर्माण केला, की यात वार्तापटाचा एक फूटही वापरलेला नाही, अशी सूचना अमेरिकेत दाखवलेल्या प्रतींना जोडावी लागली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये (१९९८) छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी कॅमेऱ्याच्या शटरचा कोन कमी केला. त्यामुळे उडणारी माती आणि धावणारी माणसे नेहमीसारखी सलग न दिसता तुटक, टोकदार दिसतात. जुन्या भिंगांचा भास यावा म्हणून भिंगांवरचा लेप काढला आणि रंगही फिके केले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर झालेल्या चढाईच्या जवळपास २५ मिनिटांच्या प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. संगीत एरवी प्रेक्षकाला आता काय वाटून घ्यायचे ते सांगत असते. ते काढून घेतले की प्रेक्षक एकटा पडतो. वास्तववादी युद्धपटाच्या परिणामातला मोठा वाटा डोळ्यांपेक्षा कानांचा आहे. स्फोटानंतर बधिर झालेल्या कानांतला तो बारीक, लांबलेला सूर पुष्कळांना कथेपेक्षा जास्त काळ आठवतो.

‘कम अँड सी’

एलेम क्लिमोव्ह दिग्दर्शित ‘कम अँड सी’ (१९८५, मूळ रशियन नाव ‘इदी इ स्मोत्री’, म्हणजे ‘ये आणि पाहा’) या सोव्हिएत चित्रपटाशिवाय हा विषय पुरा होत नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैन्याने बेलारूसमधील गावेच्या गावे माणसांसकट जाळली. अशा ६२८ गावांचा उल्लेख चित्रपटाच्या अखेरीस येतो. सहलेखक आलेस आदामोविच कोवळ्या वयातच बेलारूसमधील गनिमी तुकडीत सामील झाले होते. पुढे त्यांनी दोन सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून, जळित गावांतून वाचलेल्या माणसांच्या तोंडच्या कहाण्या ध्वनिमुद्रित केल्या. क्लिमोव्ह यांचा जन्म स्टालिनग्राडचा. १९४२ मध्ये आई आणि तान्ह्या भावासोबत तराफ्यावरून व्होल्गा ओलांडताना त्यांनी पेटलेले शहर आणि पेटलेली नदी पाहिली होती. पटकथा मंजूर होण्यासाठी त्यांना अनेक वर्षे थांबावे लागले.

फ्ल्योरा हा किशोरवयीन मुलगा हौसेने गनिमी तुकडीत सामील होतो, एवढीच कथा. ही भूमिका अलेक्सेई क्राव्हचेन्को या नवख्या मुलाने केली. चित्रीकरण कथेच्या क्रमाने सुमारे नऊ महिने चालले आणि काही दृश्यांत खऱ्या गोळ्या वापरल्या गेल्या. मुलाच्या जिवाशी असा खेळ करणे कोणत्याही कलाकृतीसाठी समर्थनीय नाही. चित्रपटाच्या थोरवीची चर्चा करताना हे झाकून ठेवू नये. पहिल्या दृश्यातला हसरा चेहरा शेवटी सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखा होतो. चित्रपटात रक्त तुलनेने कमी आहे. गाव जळताना कॅमेरा वारंवार या चेहऱ्याकडे वळतो आणि तो चेहरा थेट प्रेक्षकाकडे पाहत राहतो. इथेच त्याची खरी ताकद आहे. देहाची चिरफाड पाहताना माणूस मान फिरवतो, पण आपल्याकडे रोखून पाहणाऱ्या मुलाकडे पाठ फिरवणे त्याला जमत नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर बीभत्स आणि भयानक हे रस इथे करुणाच्या स्वाधीन केलेले आहेत. म्हणूनच किळस ओसरल्यावरही दुःख मागे उरते.

चित्रपटाला मॉस्को चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सोव्हिएत संघात तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्याची डागडुजी केलेली प्रत २०१७ मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरवली गेली आणि युद्ध संपल्यानंतर कितीतरी दशकांनी जन्मलेल्या पिढीने तो नव्याने पाहिला. हा चित्रपट पाहायलाच हवा, पण दुसऱ्यांदा पाहवत नाही, असे त्याच्याविषयी वारंवार ऐकू येते.

ज्यांनी युद्ध पाहिले होते ते

एकच चित्रपट सगळ्यांसाठी एक नसतो. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ जुलै १९९८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा नॉर्मंडीत उतरलेले सैनिक सत्तरी ओलांडलेले होते. त्यांतल्या अनेकांनी घरच्यांजवळही युद्धाचा विषय कधी काढला नव्हता. चित्रपटाने व्यथित झालेल्या माजी सैनिकांसाठी तेथील माजी सैनिक विभागाला खास मोफत दूरध्वनी सेवा सुरू करावी लागली आणि दोन आठवड्यांच्या आत १७० हून अधिक जणांनी त्यावर संपर्क साधला. पन्नास वर्षांहून जुनी जखम एका दुपारच्या खेळाने उघडी पडली. कुणाला त्याचा त्रास झाला, तर कुणाला पहिल्यांदाच मुलाशी, नातवाशी बोलायला निमित्त मिळाले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीतही घडू शकतात. दूरचित्रवाणीवरही हा चित्रपट सहज दाखवला गेला नाही. २००४ च्या माजी सैनिक दिनी त्यातल्या शिव्या व हिंसेबद्दल दंड होईल या धास्तीने अमेरिकेतल्या साठाहून अधिक स्थानिक वाहिन्यांनी तो दाखवण्याचे टाळले.

प्रत्यक्ष युद्ध न पाहिलेल्या प्रेक्षकाची गोष्ट वेगळी आहे. आघातोत्तर तणाव विकार १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत आला. याच सूचीच्या २०१३ च्या आवृत्तीत असे स्पष्ट केले आहे, की चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवर पाहिलेली दृश्ये या निदानासाठी आघात म्हणून धरायची नाहीत. ती पाहणे हा कामाचाच भाग असेल तर मात्र अपवाद. तेव्हा ‘चित्रपट पाहून मला हा विकार जडला’ हे बोलणे शास्त्राला धरून नाही. पण त्यावरून चित्रपटाने काहीच होत नाही, असेही ठरत नाही.

मनात काय उरते

त्रासदायक चित्रफिती दाखवून मनाचा अभ्यास करण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून रूढ आहे. निरोगी माणसालाही अशी फीत पाहिल्यावर पुढचे काही दिवस, ध्यानीमनी नसताना, तिचे तुकडे दिसतात. बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप विरळ होतात. २००९ मध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपघात व मृत्यूची दृश्ये पाहिल्यानंतर अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटे ‘टेट्रिस’ हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात या गटाला तसे तुकडे कमी दिसले. फितीत काय होते याची त्यांची आठवण मात्र शाबूत होती. अशी दृश्ये डोळ्यांपुढे तरळण्याची यंत्रणा आणि घटना जाणीवपूर्वक आठवण्याची यंत्रणा काही प्रमाणात वेगळ्या असाव्यात, असा याचा अर्थ लावला जातो.

मत बदलते का, हा प्रश्न आणखी जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी कार्ल हॉव्हलंड आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षणार्थी सैनिकांना ब्रिटनच्या हवाई लढाईवरचा माहितीपट दाखवून चाचण्या घेतल्या. त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये निघाला. चित्रपटातून माहिती पुष्कळ मिळाली, पण लढण्याची उमेद जवळजवळ वाढली नाही, असे त्यांना आढळले. खरा अनपेक्षित निष्कर्ष पुढे होता. माहिती काळानुसार पुसट होत गेली, पण काही मते मात्र पाच दिवसांनंतर दिसली त्यापेक्षा नऊ आठवड्यांनंतर चित्रपटाकडे अधिक झुकलेली दिसली. कुठे पाहिले, कुणी सांगितले हे माणूस विसरतो आणि ठसा तेवढा आपलाच समजून जवळ बाळगतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. युद्धपटाच्या दीर्घ परिणामाविषयी हाती असलेल्या पुराव्यांत हा फार मोलाचा आहे.

सत्तेची धास्ती

राज्यकर्त्यांनी हा परिणाम अभ्यासकांच्या आधीच ओळखला. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या १९३० च्या अमेरिकन चित्रपटाच्या बर्लिनमधील खेळात गोबेल्सच्या अनुयायांनी पांढरे उंदीर आणि दुर्गंधीचे गोळे सोडून धुडगूस घातला आणि आठवड्याच्या आतच जर्मनीत त्याच्यावर बंदी आली. त्यातला नायक लू एअर्स याने पुढे १९४२ मध्ये शस्त्र हाती घ्यायला नकार दिला, लोकांचा रोष सोसला आणि पॅसिफिक आघाडीवर जखमींची शुश्रूषा केली. अणुहल्ल्याचे चित्रण करणारा पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’ बीबीसीने स्वतःच बनवून घेतला आणि तो प्रसारणासाठी अतिभयंकर असल्याचे सांगून रोखून धरला. १९८५ पर्यंत तो ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आला नाही; दरम्यान त्याला ऑस्कर मिळून गेले होते. ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धावरचा दूरचित्रपट २० नोव्हेंबर १९८३ रोजी सुमारे १० कोटी अमेरिकनांनी पाहिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो महिनाभर आधीच पाहिला होता आणि आपण फार खिन्न झालो, असे रोजनिशीत लिहिले होते. सोव्हिएत संघाबरोबरचा १९८७ चा क्षेपणास्त्र करार त्या खिन्नतेतून झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. धोरणांची कारणे एका चित्रपटात मावत नाहीत.

उलटा परिणाम

युद्धविरोधी चित्रपट खऱ्या अर्थाने शक्यच नाही, असे मत फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९७३ च्या एका मुलाखतीत मांडले. पडद्यावर आले की युद्ध थरारक होतेच, हा त्यांचा मुद्दा. त्याला पुष्टी देणारी साक्ष अमेरिकन मरीन सैनिक अँटनी स्वॉफर्ड यांच्या आठवणींत मिळते. १९९० मध्ये आखातात जाण्यापूर्वी त्यांच्या तुकडीने व्हिएतनाम युद्धावरचे चित्रपट आणून दिवसच्या दिवस पाहिले. ज्या दृश्यांनी सामान्य प्रेक्षक हळहळला, त्याच दृश्यांनी ही मुले चेकाळली. ‘अल्जीअर्स’चेही तसेच झाले. बंडखोरांनी त्यात आपली कार्यपद्धती शोधली, आणि २००३ मध्ये इराक युद्धाच्या काळात तो पेंटागॉनमध्येही दाखवला गेला. ओमाहा किनाऱ्याचा प्रसंग तर काही वर्षांतच संगणकीय खेळात आला. तिथे मेलेला माणूस बटण दाबताच पुन्हा उठतो.

चित्रपटाच्या आवाक्याबाहेर राहणाऱ्या गोष्टीही आहेत. रणांगणाचा वास, आठवडेच्या आठवडे नुसते वाट पाहणे, ओल्या बुटांत सडलेले पाय, घरून न आलेले पत्र यांतले फार थोडे पडद्यावर उतरते. तरीही साक्षीदारांची पिढी संपत आल्यावर लोकांच्या मनातले युद्ध बहुतांशी चित्रपटांतूनच घडते. स्वतः न जगलेला भूतकाळ प्रेक्षक स्वतःची आठवण असल्यासारखा वागवू लागतो. ॲलिसन लँड्सबर्ग या अमेरिकन अभ्यासक अशा स्मृतीची तुलना कृत्रिम अवयवाशी करतात. असा अवयव उसना असतो, पण त्याच्या आधाराने चालता येते. परक्याच्या दुःखाशी नाते जोडण्याची वाट त्यातून खुली होते, असे त्यांचे म्हणणे आहे.

चित्रपटाचा पहिला प्रेक्षक त्याचा दिग्दर्शक असतो. ‘कम अँड सी’ पूर्ण झाला तेव्हा क्लिमोव्ह पन्नाशीच्या सुरुवातीला होते. त्यानंतर २००३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी एकही चित्रपट केला नाही.